‘हात पोचत नाही’: उन्हाळी माउंटन बायकिंग शिबिरातल्या एका मुलीचं प्रकरण

आमच्या शिबिरात रोजचा सराव संपला की प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक ओळ लिहायची पद्धत आहे. त्या मुलीच्या नावापुढच्या ओळी अशा आहेत. पहिला दिवस: ‘हात दुखतात म्हणाली.’ दुसरा दिवस: ‘सारखी मागे राहते, उतारावर पाय घासत येते.’ तिसऱ्या दिवशी सकाळी, सराव सुरू होण्याआधी लिहिलेली ओळ: ‘घाबरते. धीर द्यायला हवा.’ तिन्ही ओळींचं अक्षर माझं आहे. त्याच सकाळी दहाच्या सुमारास ती उतारावर पडली आणि दुपारी आम्ही तिला रुग्णालयात नेलं.

नंतर मी या ओळी कितीदा तरी वाचल्या. पहिल्या ओळीत मुलीने मला एक गोष्ट सांगितली होती. दुसऱ्या ओळीत तीच गोष्ट मला डोळ्यांनी दिसली होती. तिसऱ्या ओळीत मी तिला भलतंच नाव देऊन मोकळी झाले. मुलांना डोंगरातली सायकल शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या हातून ही चूक होऊ शकते, म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं लिहिते आहे.

शिबिर आणि सायकल

शिबिर पाच दिवसांचं होतं. ९ ते १२ वयोगटातली १८ मुलं, आम्ही तीन प्रशिक्षक आणि सायकली दुरुस्त करणारा एक दादा. ऊन चढायच्या आत सराव संपावा म्हणून वेळ सकाळी साडेसहा ते साडेदहा. दर वीस मिनिटांनी सावलीत थांबून पाणी प्यायचं. गट वयाप्रमाणे पाडले होते; तेही चुकलंच होतं, पण त्याबद्दल पुढे.

मुलगी दहा वर्षांची. उंची १३३ सेंटिमीटर, वजन २९ किलो. स्वभावाने शांत, पण बुजरी नाही. पहिल्याच दिवशी तिने दोन लहान मुलांची उतरलेली चेन चढवून दिली. सायकल तिच्या मोठ्या भावाची: २६ इंची चाकं, पुढे शॉकॲब्सॉर्बर, वायरवर चालणारे डिस्क ब्रेक. नाव नोंदवताना तिची आई म्हणाली, “वाढतं अंग आहे, सर्व्हिसिंग करून घेतली की दोन वर्षं सहज निघतील.” मी मान डोलावली. असं आपण मुलांच्या कपड्यांबद्दलही म्हणतो. पण सैल कपडा अंगावर लोंबतो आणि मोठी सायकल अंगावर येते, हा फरक त्या क्षणी माझ्या मनात आला नाही.

त्या सायकलचं वजन १५ किलो भरलं, म्हणजे मुलीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. सत्तर किलोच्या माणसाला ३६ किलोची सायकल देऊन डोंगरात पाठवण्यासारखंच हे आहे. एवढ्या वजनाखाली मोठा माणूस धडपडला तर आपण त्याला भित्रा म्हणणार नाही.

पहिल्या सकाळी आम्ही सगळ्यांच्या सायकली तपासल्या. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर, कानाखाली पट्ट्यांचा नीट ‘व्ही’, हनुवटीखाली एक बोट जाईल इतपत जागा. चाकं घट्ट आहेत का, चेनला तेल आहे का, सीट हलतं का. आणि ब्रेक. तिचे दोन्ही ब्रेक मी स्वतः दाबून पाहिले. चाकं जागच्या जागी थांबली. यादीत ‘ब्रेक’ या शब्दापुढे मी बरोबरची खूण केली.

ब्रेक दाबला होता माझ्या हाताने. सायकल चालवणार होती ती.

पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी सपाट मैदानावर उभं राहून सायकल चालवायचा धडा असतो. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरं सैल, कंबर सीटच्या वर पण सीटला न टेकलेली, नजर पुढच्या चाकावर नाही तर आठ-दहा मीटर पुढे. आणि ब्रेकच्या प्रत्येक लिव्हरवर, म्हणजे दांडीवर, एक बोट कायम ठेवलेलं, बाकीची बोटं ग्रिपभोवती, म्हणजे हँडलच्या रबरी मुठीभोवती. माउंटन बायकिंगचं अर्धं शिक्षण या एका उभं राहण्यात आहे असं मी मानते. खाचखळग्यांचे धक्के पाय आणि हात पिऊन टाकतात आणि एका बोटाने वेग मुठीत राहतो.

ती सगळं बरोबर करत होती, बोट मात्र लिव्हरवर ठेवत नव्हती. मी दोनदा आठवण केली. तिने ठेवलं, दहा-वीस मीटर गेली आणि पुन्हा काढलं. सराव संपल्यावर म्हणाली, “ताई, हात दुखतात.” मी म्हटलं, “नवीन आहेस ना, होईल सवय.” माझ्यासाठी विषय तिथे संपला.

दुसऱ्या दिवशी छोटा उतार. तिथे ती पाय खाली सोडून, बूट जमिनीला घासत येऊ लागली. सराव संपेपर्यंत तिच्या बुटांची पुढची टोकं घासून पांढरी झाली होती आणि डाव्या बुटाचा सोल टोकाशी उकलला होता. हे मी पाहिलं आणि रागावले नाही, एवढंच त्या दिवसाबद्दल बरं म्हणता येईल. ज्या सायकलला दोन ब्रेक आहेत ती एक हुशार मुलगी बुटांनी का थांबवते आहे, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही. पाय घासणं हे तिचं ब्रेक लावणंच होतं. तिच्यापाशी तेवढाच ब्रेक होता.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळायला हवी होती. सायकल हातात धरून त्या उतारावरून ती धावत खाली यायची. वाटेत दगडावर उडी मारायची, कडेला थांबून किडे बघायची. उताराची भीती असलेलं मूल असं करत नाही. त्याच तुकडीत बारा वर्षांचा एक मुलगा होता, सायकल अंगाला नेमकी बसणारी, ब्रेक उत्तम. तो उताराच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी त्याचा श्वास चढायचा. त्याची भीती खरी होती आणि ती थोड्या थोड्या उंचीवरून उतरत चौथ्या दिवशी गेली. दोघांच्या नावापुढे मी ‘घाबरते’, ‘घाबरतो’ असंच लिहिलं होतं.

तिसरा दिवस, दहा वाजता

उतार ४० मीटर लांबीचा, त्यात सुमारे ४ मीटरची उतरण. वरचा भाग घट्ट मातीचा, मधे मुळं, खाली सैल खडी आणि डावीकडे वळण. डोंगरातल्या सायकल-वाटांच्या पाट्यांवर बऱ्याच ठिकाणी सोप्या वाटेला हिरवं वर्तुळ, मध्यम वाटेला निळा चौकोन आणि अवघड वाटेला काळा हिरा अशा खुणा असतात. स्कीइंगच्या उतारांवरून त्या सायकलच्या वाटांवर आल्या. त्या मापाने आमचा उतार हिरव्यातच बसला असता. पण हिरवं कशाला म्हणायचं, हे सायकल थांबवता येणाऱ्या माणसाच्या हिशोबाने ठरतं. या उतारावर ब्रेक न लावता सायकल सोडली तर तळाशी वेग ताशी २५ किलोमीटरच्या पुढे जातो.

ती टोकापर्यंत आली आणि थांबली. दुसऱ्यांदा आली, पुन्हा थांबली. मागे पाच मुलं ओळीत उभी. मी तिला बाजूला घेतलं, “काही होत नाही, मी खाली उभी राहते” म्हणाले आणि वळणाच्या अलीकडे जाऊन उभी राहिले. तिसऱ्यांदाही ती थांबली. मग मागच्या मुलांनी तिच्या नावाचा गजर सुरू केला. मुलांनी ते प्रेमाने केलं. मीही टाळ्या वाजवल्या. आज मला सगळ्यांत जास्त त्या टाळ्या टोचतात, कारण त्यांनंतर ‘नाही’ म्हणायची तिची वाट बंद झाली.

ती निघाली. पहिले दहा मीटर नीट आली. मुळांच्या अलीकडे तिने मागचा ब्रेक दाबला, मागचं चाक अडकून घसरलं, सायकल आडवी होऊ लागली. तिने ब्रेक सोडला, वेग वाढला. खडीत शिरताना दोन्ही लिव्हर चारी बोटांनी ओढायला म्हणून तिने तळवे ग्रिपवरून पुढे सरकवले. आता हँडल कोणी धरलेलंच नव्हतं. पुढचं चाक एका दगडाला लागून काटकोनात वळलं, सायकल जागीच थबकली आणि ती हँडलच्या टोकावर पोटावर पडली. या सगळ्याला दोन-तीन सेकंदं लागली असतील. पडतानाचा वेग फारसा नव्हता.

पोटावरचं वर्तुळ

ती लगेच उठून उभी राहिली. “काही नाही लागलं,” म्हणाली. हेल्मेटवर ओरखडा नव्हता, डोकं दुखत नव्हतं, सकाळपासूनच्या गोष्टी तिने नीट क्रमाने सांगितल्या. गुडघ्याला खरचटलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

आमच्यातल्या तिसऱ्या प्रशिक्षिकेने प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं आहे. तिने आडोशाला नेऊन मुलीचं पोट पाहिलं. बेंबीच्या वर, डाव्या अंगाला एक लालसर वर्तुळ उमटलं होतं, बाटलीच्या तोंडाने दाबल्यासारखं. तिने मला बाजूला बोलावून सांगितलं, “हे हँडलचं टोक आहे. डॉक्टरांना दाखवायचं. आत्ता.”

मुलांच्या सायकलीवरून पडण्याबद्दल पालकांना एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन. हँडलचं टोक पोटात लागणं ही मुलांची ओळखीची दुखापत आहे. बहुतेक वेळा ती कमी वेगात होते: चाक वळतं, मूल टोकावर पडतं. मुलांच्या पोटाचे स्नायू पातळ असतात आणि सगळा जोर एका रुपयाएवढ्या जागेवर येतो. बाहेर नुसता वळ दिसतो, आत मात्र यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतड्याचा सुरुवातीचा भाग दुखावलेला असू शकतो. मूल उठतं, चालतं, हसतं. पोट दुखणं, उलट्या, चेहरा पांढरा पडणं, डावा खांदा दुखणं ही लक्षणं काही तासांनी दिसतात, कधी दुसऱ्या दिवशीही. म्हणून पोटावर हँडलचा ठसा दिसला तर मूल कितीही बरं दिसत असलं तरी डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय घरी सोडायचं नाही आणि तोवर काही खायला-प्यायला द्यायचं नाही. हेल्मेट डोकं वाचवतं. पोटाला तसं काही नसतं.

आईला फोन केला, त्या येईपर्यंत मुलीला सावलीत आडवं ठेवलं. दुपारी बारापर्यंत पोट दुखायला लागलं. रुग्णालयात सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. आत काही फाटलेलं नव्हतं. पोटाच्या भिंतीला मुका मार होता. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि चार आठवडे सायकल बंद सांगितली.

रुग्णालयात मी तिच्या उशाशी बसले होते. तिची आई म्हणाली, “परवा घरी म्हणत होती, माझा हात पोचत नाही. मला वाटलं, हँडलपर्यंत पोचत नसेल.” मुलीने डोळे न उघडता सांगितलं, “ब्रेकला. बोट ठेवलं की हँडल सुटतं.”

सायकल पुन्हा तपासली तेव्हा

संध्याकाळी दुरुस्तीवाल्या दादाने आणि मी ती सायकल स्टँडवर घेतली. या वेळी तिच्या हाताच्या मापाने. रुग्णालयातून निघताना तिचा तळवा एका पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलने आखून आणला होता. अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या टोकाकडच्या पहिल्या सांध्यापर्यंतचं अंतर त्यावर मोजलं. ब्रेक धरायचा तर बोटाचं हे पहिलं पेर लिव्हरभोवती वळायला हवं, नुसतं टोक टेकून चालत नाही.

हँडलच्या मधल्या रेषेपासून लिव्हर ८५ मिलिमीटरवर होता. पुठ्ठ्याचा हात ग्रिपवर धरला तर तर्जनीचं फक्त नखाकडचं टोक लिव्हरला लागत होतं. म्हणजे तिच्यापुढे दोनच पर्याय होते: हँडल धरायचं किंवा ब्रेक धरायचा. दोन दिवस तिने हँडल धरलं. त्याहून शहाणपणाचा निर्णय मीही घेऊ शकले नसते.

बहुतेक लिव्हरच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो. २ किंवा २.५ मिलिमीटरच्या ॲलन कीने (षटकोनी किल्लीने), काही लिव्हरमध्ये छोट्या स्क्रूड्रायव्हरने, तो फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतो. दोन मिनिटांचं काम. आम्ही तो शेवटपर्यंत फिरवला तेव्हा ८५चे ७० झाले. अजूनही जास्तच.

दुसरं, लिव्हर ग्रिपला चिकटवून बसवलेला होता. त्यामुळे तर्जनी पडत होती ती लिव्हरच्या मुळाशी, बिजागरीजवळ. दार बिजागरीजवळून ढकलून पाहा, किती जोर लागतो. लिव्हर दोन सेंटिमीटर आत सरकवला की तेच बोट टोकाच्या बाकावर येतं आणि बऱ्याच कमी ताकदीत काम होतं. सामान तोलायचा हुकाचा काटा घेऊन आम्ही दोन्ही ठिकाणी ओढून पाहिलं. सायकलवर पोत्याचं वजन ठेवून ती उतारावर धरून ठेवायला मुळाशी ६ किलोचा ओढा लागत होता. दादाने ब्रेकची वायर काढली तर आउटरच्या, म्हणजे वायरीवरच्या नळीच्या, आत गंज धरलेला. वायर सरकतानाचा करकर आवाज हाताला जाणवत होता. वायर आणि आउटर दोन्ही नवे घातले, लिव्हर आत घेतला, तेव्हा काटा ३ वर आला. दहा वर्षांच्या मुलीच्या दुखऱ्या बोटाला आधी दुप्पट जोर लावायला लागत होता, तोही तीन तासांच्या सरावानंतर.

पडली ती सकाळच्या शेवटी, पहिल्या तासात नाही, याचा उलगडा इथे झाला.

तिसरी गोष्ट पाहून पोटात कालवलं. हँडलच्या उजव्या टोकाला रबराची ग्रिप झिजून फाटली होती आणि आतला नळीचा धातू बाहेर आला होता. टोकाचं बूच नव्हतंच. पोटावर वर्तुळ उमटलं ते याच नळीच्या कडेचं. पहिल्या दिवशीच्या आमच्या यादीत हँडलच्या टोकाचा उल्लेखसुद्धा नव्हता.

बाकीचं थोडक्यात. सीट सर्वांत खाली घेऊनही बूट जेमतेम टेकत होते, त्यामुळे कंबर मागे न्यायला जागा नव्हती. क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, १७० मिलिमीटरचे, मोठ्या माणसाचे. टायरमध्ये ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा, जी २९ किलोच्या मुलीखाली दगडासारखी कडक. रुंद टायर आणि हलकं मूल असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी हवेत चाक जमिनीला धरून राहतं. टायरवर छापलेला मोठा आकडा ही टायरची मर्यादा असते, रोज भरायची हवा नव्हे.

पुढचा ब्रेक

ती दवाखान्यातून घरी आल्यावर मी तिला भेटायला गेले. विचारलं, मुळांपाशी पुढचा ब्रेक का लावला नाहीस? “पुढचा लावला तर उलटी पडते,” ती म्हणाली. घरात सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. माझ्या लहानपणी मलाही हेच सांगितलं होतं, आणि आमच्या १८ मुलांना विचारलं तर बहुतेकांनी तेच ऐकलेलं होतं.

ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक चटकन घसरतं. सपाट कोरड्या रस्त्यावर फक्त मागच्या ब्रेकने थांबायला साधारण दुप्पट अंतर लागतं. उतारावर त्याहून वाईट. पुढच्या ब्रेकने माणूस उलटतो तो ब्रेक एकदम हिसकल्यावर, हात ताठ आणि कंबर पुढे असताना. एका बोटाने हळूहळू वाढवत दाबला, टाचा खाली आणि कंबर मागे ठेवली तर तोच ब्रेक सायकल आवरतो. फक्त खडीच्या वळणात, चाक वळलेलं असताना, त्याला जपून हात लावायचा. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. हे सगळं दहा वर्षांच्या मुलांना समजतं. त्यांना ‘पुढच्याला हात लावू नकोस’ एवढंच सांगणं सोपं असतं, म्हणून आपण तेवढंच सांगतो.

या खेळाच्या सुरुवातीच्या गोष्टीतही ब्रेकची अडचण आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून शर्यती लावायचे. तिथली ‘रिपॅक’ नावाची शर्यत पहिल्यांदा २१ ऑक्टोबर १९७६ला झाली. नाव पडलं ते ब्रेकवरून. पॅडल उलटं फिरवून लागणारा, चाकाच्या मधल्या हबमधला ब्रेक उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. पुढे त्याच लोकांनी सायकलींना मोटरसायकलचे लिव्हर बसवले. उतार हवासा वाटणारी ती धट्टीकट्टी माणसं. त्यांनाही आधी ब्रेकचा बंदोबस्त करावा लागला.

काय बदललं

पुढच्या तुकडीपासून पहिल्या सकाळचा पहिला तास फक्त हातांना दिला. प्रत्येक मूल आपल्या सायकलवर बसतं, दोन्ही बाजूंनी आम्ही धरतो, ते एका बोटाने ब्रेक दाबतं आणि आम्ही सायकल पुढे ढकलायचा प्रयत्न करतो. सायकल हलली तर ब्रेक नापास. प्रशिक्षकाने लिव्हरला हात लावायचा नाही. त्या तुकडीतल्या १८ पैकी ११ सायकलींचे लिव्हर जवळ घ्यावे लागले, चार वायरी बदलल्या, दोन मुलांना शिबिराच्या सायकली दिल्या. हँडलची टोकं बोटाने चाचपून पाहतो. फाटकी ग्रिप असेल तर ती बदलून, बूच ठोकूनच सायकल बाहेर जाते.

गट वयाप्रमाणे पाडणं बंद केलं. मैदानावर आखलेल्या रेषेवर पुढचं चाक थांबवता येतं का, यावर गट ठरतो. दहा वर्षांचं मूल बारा वर्षांच्या मुलांबरोबर जातं आणि उलटही. सुरुवातीला मोठ्यांना ते लागतं, दुसऱ्या दिवशी विसरतात.

गजर बंद. हा नियम सहकाऱ्यांना पटवायला वेळ लागला. प्रोत्साहनाने मुलं फुलतात हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण उताराच्या टोकावर उभ्या मुलाने एकटं ठरवावं, आणि सायकल हातात धरून खाली चालत येणं ही तितकीच सरळ वाट असावी, यावर मी अडून बसले. मूल थांबलं की आम्ही आता एकच गोष्ट विचारतो: “सायकलचं काय अडतंय?” उत्तर कधी ‘बोट दुखतंय’ असतं, कधी ‘बूट घसरतोय’, आणि कधी ‘काही नाही, भीती वाटते’. तेही मुलं सरळ सांगतात, कारण प्रश्नात भीतीचा आरोप नसतो.

पुन्हा उतार

सहा आठवड्यांनी, त्याच उन्हाळ्यातल्या शेवटच्या तुकडीत ती परत आली. आईने आधी विचारलं होतं, “ती येते म्हणते, पण मी पाठवू का?” मी त्यांना सांगितलं, सायकल आमची घेईल, आणि पहिल्या दिवशी तुम्ही मैदानावर थांबा. त्या थांबल्या.

आमची सायकल २४ इंची चाकांची, ११ किलोची, लहान लिव्हर ५८ मिलिमीटरवर घेतलेले. एक धोका होता. भावाच्या सायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला होता, हिला डाव्या. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपानमध्ये पुढचा ब्रेक उजवीकडे असायची पद्धत आहे, अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागात डावीकडे, आणि सायकल बदलली की हात जुन्या सवयीने चुकतो. पुढच्या लिव्हरला लाल टेप गुंडाळला आणि पूर्ण एक सकाळ तिने मैदानावर फक्त थांबायचा सराव केला. आधी मागच्याने, मग पुढच्याने, मग दोन्हींनी. पुढच्या ब्रेकने पहिल्यांदा रेषेवर थांबली तेव्हा मागचं चाक दोन बोटं उचललं गेलं आणि टप्पकन खाली आलं. तिने चकित होऊन खाली पाहिलं, मग कंबर मागे नेऊन पुन्हा केलं. चाक उचललं नाही.

उतारावर चुन्याच्या तीन रेषा आखल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती तळापासून दहा मीटर वरून आली, मग वीस, मग तीस. प्रत्येक खेपेला तिनेच सांगायचं, आता किती वरून. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला ती टोकावर गेली. मी वळणापाशी उभी होते, हात खाली सोडून. ती उभी राहिली, बोट लाल टेपवर, पॅडल समांतर. मुळांच्या अलीकडे वेग कमी केला, मुळांवर ब्रेक सोडला, दुसऱ्या रेषेवर पूर्ण थांबली, एक पाय टेकला, श्वास घेतला आणि पुढे निघाली. वळणाच्या आधी खडीत पुन्हा वेग काढला. माझ्या शेजारून जाताना तिची नजर वळणाच्या पलीकडे होती. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

त्या सकाळी ती सात वेळा उतरली. सराव संपल्यावर वही मी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, तुझी ओळ तूच लिही. तिने बराच वेळ विचार करून लिहिलं: ‘गिअरचा खटका उजव्या अंगठ्याला लागतो, जरा सरकवा.’ दादाने लगेच ॲलन की आणली आणि तिचा हात ग्रिपवर ठेवून, तिने ‘बस’ म्हणेपर्यंत खटका आत सरकवला.